पाण्याचं सॅम्पल गुपचूप देऊ का?

पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून):

"आम्ही चाळीस घरांच्या इमारतीत राहतो. खाली मोठी टाकी, तिथून पाणी वर गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून सगळ्यांच्या नळाला. गेल्या दोन महिन्यांत माझ्या चार वर्षांच्या मुलीला तीनदा जुलाब झाले, अजून दोन घरांतली मुलंही आजारी पडली. मला पाण्याचाच संशय आहे. पब्लिक हेल्थ लॅबमध्ये पाणी तपासून मिळतं असं कळलं. पण कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही काका म्हणतो आणि ज्यांनी आमच्या पडत्या काळात आमच्यासाठी खूप केलंय, ते म्हणतात सरकारी लॅबला देऊ नकोस, उगाच रेकॉर्डवर येईल, इमारतीचं नाव जाईल, हवं तर प्रायव्हेट लॅबला शांतपणे देऊ. मध्ये त्यांनी एका प्युरिफायर विकणाऱ्याला बोलावलं, त्याने आमच्या पाण्यात दोन रॉड घातले तर पाण्याचा तपकिरी चिखल झाला, तेव्हापासून मला झोप नाही. नवरा म्हणतो काकांना दुखवू नको. मी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून फ्रिजमध्ये ठेवलंय, चार दिवस झाले. गुपचूप देऊन टाकू का? रिपोर्ट चांगला आला तर सगळे हसतील, वाईट आला तर मीच वाईट ठरेन."

ताई,

तुमचं पत्र वाचताना मला आधी हसू आलं, म्हणजे तुमच्यावर नाही हो, त्या कोल्ड्रिंकच्या बाटलीवर. मी बरीच वर्षं अशाच एका लॅबच्या सॅम्पल घेण्याच्या खिडकीवर काढली आहेत आणि त्या बाटलीच्या सगळ्या बहिणी मी बघितल्यात, औषधाच्या बाटल्या, शाम्पूच्या बाटल्या, एकदा तर प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून आणलेलं पाणी. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तुमच्यासारखीच काळजी. आणि प्रत्येकाला परत पाठवायला लागायचं, का ते पुढे सांगते.

पण आधी मुलीचं. रिपोर्ट येईपर्यंत थांबून काही ठरवू नका. जुलाबात रक्त दिसलं, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं किंवा पोटात पाणीच टिकेना, तर लगेच डॉक्टर, आणि तोवर ओआरएस चालू. प्यायचं पाणी आजपासूनच उकळा. उकळा म्हणजे वाफा आल्या की गॅस बंद असं नाही, खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट, आणि २००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं, मग त्याच भांड्यात झाकून गार करायचं आणि त्यात हात किंवा पेला बुडवायचा नाही. उकळून गार केलेलं पाणी हाताने पुन्हा खराब करणारी घरं मी खूप पाहिलीत. आणि यामुळे तुमच्या तपासात काही बिघडत नाही, सॅम्पल नळाचं द्यायचंय, पातेल्यातलं नाही.

आता ते रॉड. तुमची झोप ज्याने उडवली त्याच्याबद्दल मला खरं तर राग आहे. ती टेस्ट नाहीच, तो खेळ आहे. त्या रॉडमधला एक लोखंडाचा असतो, पाण्यातून वीज सोडली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो, तो तपकिरी चिखल म्हणजे त्या विक्रेत्याच्याच रॉडचा गंज. शेजारच्या ग्लासात त्याने स्वतःच्या मशीनचं पाणी ठेवलं असेल आणि ते स्वच्छ राहिलं असेल, कारण त्यातले क्षार काढलेले असतात म्हणून वीजच नीट वाहत नाही. त्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका, तेही तपकिरी होईल. बहुतेक तो टीडीएस मीटर पण घेऊन आला असणार, तर त्याचंही सांगते, तो मीटर पाण्यात एकूण क्षार अंदाजे किती आहेत एवढंच सांगतो. जंतू आहेत की नाहीत हे त्याला कळत नाही. आणि आर्सेनिक किंवा शिसं, ज्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, ते त्या आकड्यात कुठे बुडून जातं ते दिसतसुद्धा नाही. टीडीएस ५० असलेलं पाणी मुलांना आजारी पाडू शकतं आणि ४०० असलेलं जंतूंच्या बाबतीत अगदी निर्धोक असू शकतं.

म्हणजे तुमचं पाणी चांगलंय असं मी म्हणत नाहीये. आत्तापर्यंत ते कोणी तपासलेलंच नाही, एवढंच.

आता लॅबकडे येऊ. लॅब म्हटलं की आपल्याला शुगर आणि कोलेस्टेरॉल आठवतं, हातात सुई टोचणारी लॅब. पब्लिक हेल्थ लॅबचं काम वेगळं आहे, तिचा पेशंट म्हणजे एक माणूस नसतो, अख्खी वस्ती असते. पाण्यातले जंतू, पाण्यातली रसायनं, पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरमध्ये दम उरलाय का (ती उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो आणि मग लोक नुसती पांढरी पावडर टाकत बसतात), अन्नातून विषबाधा झाली तर त्या अन्नाचे नमुने, साथ आली तर आजारी लोकांच्या शौचाचे आणि रक्ताचे नमुने, रेबीजचा संशय असलेल्या मेलेल्या जनावराच्या मेंदूची तपासणी. काही ठिकाणी सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधतात, काही देशांत नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर जन्मजात आजारांची चाचणी याच लॅब करतात. प्रत्येक लॅबमध्ये हे सगळं होत नाही, आणि काही ठिकाणी सॅम्पल फक्त स्थानिक आरोग्य खात्यामार्फतच घेतात, म्हणून जायच्या आधी फोन करा. तीन गोष्टी विचारा: साध्या माणसाचं पाण्याचं सॅम्पल घेता का, बाटली तुमच्याकडून मिळेल का, आणि कोणत्या वारी किती वाजेपर्यंत घेता. शेवटचा प्रश्न फालतू वाटेल पण तोच सगळ्यात जास्त लोक विसरतात. जंतूंची तपासणी म्हणजे पाणी पोषक द्रावणात घालून उबेत ठेवायचं आणि २४ तासांनी, ४८ तासांनी बघायचं काय वाढलंय, मग सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बाटली घेऊन गेलात तर ते बघणार कोण?

काकांच्या मुद्द्यावर मी तुमच्यापेक्षा थोडी वेगळ्या जागी उभी आहे. ते म्हणतात प्रायव्हेट लॅबला देऊ. यात तांत्रिक चूक काहीच नाही हो, चांगल्या प्रायव्हेट लॅब अगदी नेमकं काम करतात, त्यांच्याकडे आयएसओ १७०२५ ची, म्हणजे लॅबच्या कामासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, मान्यता आहे का आणि ती पाण्यातल्या जंतूंच्या तपासणीसाठी आहे का एवढं विचारून घ्या. फरक आहे तो रिपोर्ट कुठे जातो यात. प्रायव्हेट लॅबचा रिपोर्ट पैसे देणाऱ्याच्या हातात, म्हणजे इथे कमिटीच्या हातात. आणि 'शांतपणे' या शब्दाने मला एक गाव आठवलं.

कॅनडात ऑन्टारिओमध्ये वॉकरटन नावाचं छोटं गाव आहे, जेमतेम पाच हजार वस्तीचं. मे २००० मध्ये तिथे जोराचा पाऊस झाला आणि गोठ्याच्या शेणखताचं पाणी एका विहिरीत उतरलं, त्या विहिरीचं पाणी गावाच्या नळांना जायचं. पाण्याचं सॅम्पल नियमाप्रमाणे प्रायव्हेट लॅबला गेलेलं होतं. लॅबने काम चोख केलं, १७ मेला फॅक्स पाठवला की पाण्यात ई. कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारा जंतू, आहे. पण फॅक्स गेला फक्त पाणी खात्याच्या मॅनेजरकडे, कारण आरोग्य खात्याला कळवायचं बंधन तेव्हा लॅबवर नव्हतं. त्या माणसाने कागद ठेवून दिला. दोन दिवसांनी आरोग्य खात्याने फोन करून विचारलं, लोक आजारी पडतायत, पाणी ठीक आहे ना, तर तो म्हणाला ठीक आहे. शेवटी २१ तारखेला आरोग्य खात्याने स्वतःच पाणी उकळून प्या असं जाहीर केलं आणि स्वतःची वेगळी सॅम्पल घेतली तेव्हा भांडं फुटलं. २३०० च्या वर माणसं आजारी पडली, सात गेली. रिपोर्ट अगदी बरोबर होता आणि वेळेतही होता, फक्त ज्याच्या हातात पोचला त्याला तो कोणाला दाखवायचा नव्हता.

काका तसे आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये, तुमच्या पत्रावरून तर ते चांगलेच माणूस वाटतात. पण चांगल्या माणसालाही असा कागद हातात आला की वाटतं आधी टाकी धुऊन घेऊ, मग सांगू, आणि ते 'मग' कधी येत नाही. तुम्ही दोघं ज्याला रेकॉर्ड म्हणून घाबरताय, ती खरं तर या लॅबची सगळ्यात कामाची गोष्ट आहे. तुमच्या इमारतीत येणाऱ्या पाइपातूनच घाण येत असेल तर ती शेजारच्या दहा इमारतींतही जात असणार, आणि त्या दहा घटना एका टेबलावर फक्त अशाच लॅबमध्ये एकत्र येतात.

आणि दुसरं म्हणजे, तुम्ही स्वतः नेऊन दिलेल्या बाटलीचा रिपोर्ट हा माहितीपुरता असतो. त्यावर सहसा लिहिलेलंच असतं की सॅम्पल आणून दिलेलं आहे, लॅबने घेतलेलं नाही. कोणाला त्यावरून कारवाई करायची असेल तर अधिकारी स्वतः येऊन स्वतःच्या हाताने पुन्हा सॅम्पल घेतात. तेव्हा तुमच्या एका बाटलीने इमारतीला टाळं लागणार नाही, फार तर कोणीतरी येऊन टाकीचं झाकण उघडून बघेल, आणि ते झाकण शेवटचं कधी उघडलं होतं हा प्रश्न कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एकदा विचाराच.

आता थोडं तुमच्याही मनातल्या एका गोष्टीला हात घालते. तुम्ही धरून चाललायत की बाटली दिली की एकतर 'चांगलं' किंवा 'वाईट' असा निकाल येणार, कोर्टासारखा. तसं होत नाही. लॅब तुमच्या पाण्यात प्रत्येक रोगाचा जंतू शोधत बसत नाही, ते शक्यच नाही. ती शोधते खुणेचा जंतू. ई. कोलाय, जो १८८५ साली एशेरिख नावाच्या डॉक्टरांनी लहान बाळांच्या शौचात पाहिला, तो माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला म्हणजे कुठूनतरी मैला मिसळतोय, आणि तोही अलीकडे, आणि मग त्याच वाटेने कॉलरा, टायफॉइड, कावीळ काहीही येऊ शकतं. म्हणून १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय नको, हा नियम. रिपोर्टमध्ये 'कोलिफॉर्म' अशी एक वेगळी ओळ असते, तो मोठा कुटुंबकबिला आहे, त्यातले काही माती आणि पालापाचोळ्यातही राहतात. नुसते कोलिफॉर्म सापडले आणि ई. कोलाय नाही, तर घाबरून जायचं नाही पण टाकी, पाइप, झाकण नीट नाहीये असं समजायचं आणि पुन्हा तपासायचं. आणि काही रिपोर्टवर शून्याऐवजी '१.८ पेक्षा कमी' असा आकडा छापलेला असतो, तो बघून खिडकीवर रडवेल्या झालेल्या बायका मला आठवतात, अहो त्याचा अर्थ काहीच सापडलं नाही असा आहे, त्या पद्धतीत तो शून्य तसाच लिहितात.

आणि उलट, स्वच्छ रिपोर्ट आला म्हणजे पाण्याला क्लीन चिट असंही नाही. एक म्हणजे तो त्या दिवसाचा, त्या नळाचा, त्या १०० मिलिलिटरचा असतो. दुसरं म्हणजे काही गोष्टी या तपासणीत दिसतच नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून अंदाजे चार लाख लोक आजारी पडले, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी, तो क्लोरीनला दाद देत नाही, आणि पाणी तेव्हाच्या नियमांत बसत होतं. (उकळल्यावर मात्र तो मरतो, म्हणून मी मघाशी उकळायचा एवढा आग्रह धरला.) रसायनांची तर बाटलीच वेगळी आणि तपासणीही वेगळी. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक हे उकळून जात नाहीत, उलट पाणी आटतं तसं थोडं दाट होतात. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी असेल आणि घरात सहा महिन्यांच्या आतलं बाटलीने दूध पिणारं बाळ असेल तर नायट्रेट तपासून घ्याच, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम, कारण त्याच्या वर गेलं तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होऊ शकते. पण तुमच्या मुलीचे जुलाब बघता आधी जंतूंची तपासणी. रसायनांची सगळी यादी तपासा असं सांगून पैसे घालवू नका.

म्हणून मी तुम्हाला एक बाटली देऊ नका म्हणते. तीन द्या. एक, रस्त्यावरून पाइप जिथे इमारतीत येतो तिथली, टाकीत पडायच्या आधीची. दुसरी, गच्चीवरच्या टाकीतून बाहेर येणाऱ्या पाण्याची. तिसरी, तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाची. तिन्ही एकाच सकाळी. पहिलीतच जंतू असतील तर दोष पाणीपुरवठ्याचा, आणि मग काकांनी खरं म्हणजे तुमच्या पुढे उभं राहून भांडायला हवं. पहिली स्वच्छ आणि दुसरी खराब, तर खालची किंवा गच्चीवरची टाकी. पहिल्या दोन स्वच्छ आणि तिसरी खराब, तर बहुधा तुमच्या घरातला पाइप, नळ किंवा त्या नळाला लावलेली जाळी, आणि तसं असेल तर तो तुमचा एकटीचा प्रश्न, कमिटीचा संबंधच नाही. बघा, पाणी वाईट आहे की नाही हे भांडण होतं, ते आता कुठे बिघडलंय असा साधा प्रश्न झाला, आणि त्यात अजून कोणी आरोपी नाही. सोबत जमलं तर क्लोरीन तपासायचं छोटं किट वापरून तिन्ही ठिकाणी उरलेला क्लोरीन बघा, तो जागच्या जागी बघायचा असतो कारण लॅबला नेईपर्यंत उडून जातो. नळाला लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. पाइपात आहे आणि टाकीनंतर शून्य, तर टाकीत काहीतरी आहे जे त्याला खाऊन टाकतंय, किंवा पाणी फार दिवस साठून राहतंय.

बाटली लॅबचीच घ्या, जंतुरहित केलेली. आत तळाला पांढरे कण किंवा थेंब दिसेल, तो कचरा नाहीये, ते थायोसल्फेट आहे, पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे मारतं, नाहीतर लॅबला पोचेपर्यंत बाटलीतच क्लोरीन जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटा छान येतो. म्हणून ती बाटली विसळायची नाही. सवयीने प्रत्येकजण विसळतो! नळाची जाळी काढा, धातूचा नळ असेल तर तोंडाला ज्योत दाखवा, प्लास्टिकचा असेल तर स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्या, मग धार बारीक करून बाटली भरा, वर बोटभर जागा ठेवा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका आणि झाकण खाली ठेवू नका. बर्फाच्या डब्यात ठेवायची पण गोठवायची नाही, सहा तासांत पोचवलीत तर उत्तम, २४ तासांच्या पलीकडे नाहीच. बाटलीवर जागा आणि वेळ लिहा, तिघींची अदलाबदल झाली तर सगळं मुसळ केरात.

आणि एक गोष्ट जी मी खिडकीवर बसून शिकले. सॅम्पलच्या आदल्या रात्री टाकीत भरपूर क्लोरीन ओतणारे लोक असतात. कधी वाईट हेतूने, कधी पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं. त्या दिवशी रिपोर्ट झकास येतो आणि पंधरा दिवसांनी मुलं पुन्हा आजारी. म्हणून तारीख ठरवा पण आधी टाकी धुऊ नका असं स्पष्ट सांगा. टाकी नंतर धुवा, आणि धुतल्यावर लगेच नाही तर आठवडाभर नेहमीसारखं पाणी वापरून मग पुन्हा तपासा.

मुलांच्या आजाराचं कोडं मात्र पाण्याच्या रिपोर्टने एकट्याने सुटणार नाही हे आत्ताच मनात धरा. पाण्यात ई. कोलाय निघाला तरी तुमच्या मुलीला त्यानेच आजारी पाडलं हे सिद्ध होत नाही, आणि नाही निघाला तरी तुमचा संशय मूर्खपणाचा ठरत नाही. एक वही घ्या. आजारी पडलेल्या प्रत्येकाचं नाव, वय, मजला, कधी सुरू झालं, काय झालं, कोणतं पाणी पितात, मुलं कुठे जातात. मग बघा. ती तिन्ही मुलं एकाच बालवाडीत जात असतील आणि इमारतीतली मोठी माणसं धडधाकट असतील तर मला टाकीपेक्षा बालवाडीतल्या न धुतलेल्या हातांचा संशय जास्त येईल, रोटाव्हायरससारखे विषाणू हातांवरून आणि खेळण्यांवरूनच फिरतात. उलट वेगवेगळ्या मजल्यांवरची, वेगवेगळ्या वयाची माणसं, आणि उकळून पिणाऱ्या घरांत कोणीच नाही, असं दिसलं तर तुमची वही लॅबच्या रिपोर्टपेक्षा जास्त बोलेल. साथीच्या तपासाला येणारे लोक पहिलं हेच करतात, बाटली नंतर. आणि मुलीला पुन्हा त्रास झाला तर डॉक्टरांना अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी शौचाचा नमुना पाठवायचा का ते विचारा, औषध सुरू झाल्यावर जंतू वाढवून बघणं अवघड होतं.

आता काका. गुपचूप देऊ का, असं विचारलंत. तुमच्या घरच्या नळाचं पाणी तपासायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही, ते गुपचूप पण नाही आणि बंड पण नाही. पण गच्चीच्या टाकीची किल्ली त्यांच्याकडे आहे, आणि त्याहून मोठं म्हणजे रिपोर्ट आल्यावर तुम्हाला त्यांच्याशी बोलावंच लागणार आहे. ई. कोलाय निघाला आणि तुम्ही चार दिवस विचार करत बसलात की कसं सांगू, तर वॉकरटनच्या त्या मॅनेजरच्या खुर्चीत तुम्हीच बसलात ना, कारण आधीच्या चोरीमुळे तोंड बांधलेलं. म्हणून बाटली द्यायच्या आधी जा, नंतर नाही. परवानगी मागायला जाऊ नका, बोलवायला जा. "काका, मी शुक्रवार सोडून मधल्या एखाद्या दिवशी लॅबला पाणी देतेय, तीन ठिकाणचं घ्यायचंय, तुम्ही सोबत असाल तर बरं, टाकीचं तुम्हीच भरा." एवढंच. ज्याने स्वतःच्या हाताने बाटली भरली तो माणूस रिपोर्टवर सहसा शंका घेत नाही. त्यांच्या घरात कोणी लहान किंवा म्हातारं असेल तर तेही याच टाकीचं पाणी पितात, हे त्यांना मी सांगायची गरज नाही, तुम्हालाही नसेल. तरीही ते नाहीच म्हणाले तर टाकीची बाटली सोडून द्या, पाइपाची आणि तुमच्या नळाची दोनच द्या, आणि हे त्यांना सांगून द्या.

नवऱ्याचं म्हणणं मला पटतं आणि नाहीही. काकांना दुखवू नये हे खरं. पण न विचारता देणं आणि सांगून देणं यातलं जास्त दुखवणारं कोणतं, हे त्यांनाच विचारा.

आणि लोक हसतील म्हणता. पाणी स्वच्छ निघालं तर चाळीस घरांना एक चांगली बातमी मिळेल आणि त्या विक्रेत्याची किती मशीन विकली जायची राहतील, हसणाऱ्यांना हसू द्या. वाईट निघालं तर रिपोर्टची प्रत त्याच दिवशी जिन्यात लावा, खाली एक ओळ, 'पुढचा रिपोर्ट येईपर्यंत प्यायचं पाणी उकळा', आणि वर काकांची सही असेल तर फारच छान. ज्या बायकांची मुलं आजारी पडली त्या दोघींना आत्ताच सोबत घ्या, म्हणजे हे तुमच्या एकटीच्या नावावर राहणार नाही. वही पण तिघींनी मिळून भरा, दुपारभराचं काम आहे.

फ्रिजमधल्या त्या बाटलीतलं पाणी आज झाडांना घाला.